डोळे ओले, हात कोरडे?

(उपवासकाळाचा पाचवा रविवार. शुभवर्तमान : योहान ११:१-४५)



आजचे शुभवर्तमान बरेच मोठे आहे. उभे राहून ऐकताना वयस्कर मंडळींचे पाय दुखले असतील. पण एवढ्या मोठ्या उताऱ्यात एक वाक्य अगदी दोन-तीन शब्दांचे आहे. आपला मित्र लाझरस ह्याच्या कबरेकडे जाताना प्रभू येशूला रडू आले, एवढेच संत योहान सांगतो (११:३५). त्यावर तो काही भाष्य करीत नाही. थोड्याच वेळात आपण लाझरसला उठवणार आहोत हे प्रभूला ठाऊक होते. तरीही तो भर लोकांत रडला आणि लोकांनी ते पाहिले.

ह्या वाक्याच्या निमित्ताने आज आपण अश्रूंविषयी चिंतन करू या. त्यासाठी आधी बेथानीला न जाता आपल्याच घरातल्या टीव्हीसमोर थोडे बसू या. कारण खरे सांगायचे तर आपल्यापैकी बहुतेकांचे अलीकडचे रडणे तिथेच झालेले असते.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ हा चित्रपट आला. विजय कोंडके ह्यांचे दिग्दर्शन आणि अलका कुबल ह्यांची मुख्य भूमिका. सासरी छळ सोसणाऱ्या मुलीची ती कथा. त्या काळच्या आयाबहिणींना आठवत असेल, बायका एकमेकींना सोबत घेऊन थिएटरात जात आणि पदराने डोळे पुसत बाहेर पडत. ‘जाताना दोन रुमाल घेऊन जा’ असे एकमेकींना सांगत. आता कल्पना करा. एक सासूबाई असाच तीन तास हुंदके देऊन घरी आल्या आहेत. पडद्यावरच्या त्या सुनेसाठी त्यांचा जीव तीळतीळ तुटला आहे. चपला काढता काढता त्या आत पाहतात आणि म्हणतात, “अजून चहा टाकला नाही? दिवसभर करत काय होतीस?”

आपल्याला हसू आले. पण घरातील सुनांना ते आले नसेल. आणि नुसत्या सासूबाईंना का हसावे? ‘बागबान’ (२००३) पाहताना म्हाताऱ्या आईवडिलांच्या ताटातुटीवर ज्यांचे डोळे भरून आले, त्यांच्यापैकी कितीजणांनी दुसऱ्या दिवशी आपल्या वडिलांशी पाच मिनिटे बसून बोलणे केले? हा प्रश्न आम्ही धर्मगुरूही स्वतःला विचारला पाहिजे. त्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

आपण का रडतो?

पडद्यावरचा माणूस खरा नाही हे आपल्याला ठाऊक असते. नट पैसे घेऊन मेला आहे, उद्या दुसऱ्या सिनेमात नाचणार आहे, हेही ठाऊक असते. तरी डोळे भरतात. ह्याची कारणे शोधली तर तीन तरी सापडतात.

पहिले कारण असे की, आपण पुष्कळदा दुसऱ्याच्या निमित्ताने आपलेच दुःख रडून घेत असतो. नवरा गेला तेव्हा मुले लहान होती, रडायला सवडच मिळाली नाही, अशी एखादी बहीण वीस वर्षांनी एखाद्या चित्रपटातला अंत्यविधी पाहून ढसाढसा रडते. शेजारचा म्हणतो, “अगं, सिनेमा आहे तो!” पण ती सिनेमासाठी रडत नसते. वीस वर्षे बंद असलेली खोली कोणीतरी उघडलेली असते. अशा अश्रूंना हसू नये.

दुसरे कारण जरा नवलाचे आहे. नीट आठवून पाहा, आपण दुःख पाहून जेवढे रडतो त्याहून जास्त प्रेम पाहून रडतो. १९५३ साली आचार्य अत्रे ह्यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ वर चित्रपट काढला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. त्या आईची गरिबी पाहून वाईट वाटते. पण डोळ्यांतून पाणी येते ते त्या गरिबीतही ती मुलाला सांभाळते, रागावते, घडवते, ते पाहून. देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान पुन्हा एका मराठी चित्रपटाला मिळायला पन्नास वर्षे जावी लागली. तो चित्रपट होता संदीप सावंत ह्यांचा ‘श्वास’ (२००४). कोकणातले एक आजोबा आपल्या लहानग्या नातवाला, परशुरामला, शहरातल्या इस्पितळात आणतात. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला असतो. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार असतात. डॉक्टर हे सांगतात तेव्हा प्रेक्षक सुन्न होतो. पण खरा हुंदका फुटतो तो नंतर. शस्त्रक्रिया लांबते, तेव्हा आजोबा मुलाला हाताला धरून इस्पितळाबाहेर नेतात. हे डोळे कायमचे मिटण्याआधी त्यांनी जग एकदा डोळे भरून पाहावे म्हणून. तिथे कोणी मरत नाही, कोणी किंचाळत नाही. एक म्हातारा आपल्या नातवावर प्रेम करतो, एवढेच. आणि आपण रडतो.

ह्याचा अर्थ काय? आपले अंतःकरण प्रेमासाठी घडवलेले आहे. प्रेम समोर दिसले की ते ओळखीचा माणूस भेटावा तसे हलते. आपल्याला ज्याने निर्मिले तोच प्रेम आहे, मग आपण दगडासारखे कोरडे कसे राहू? तेव्हा सिनेमा पाहून रडू आले तर लाजू नका. “पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?” असे मुलाला म्हणू नका. प्रभू येशू पुरुष होता आणि रडला. बेथानीत रडला, यरुशलेम शहर पाहून रडला (लूक १९:४१). पेत्रासारखा रांगडा कोळी प्रभूला नाकारल्यानंतर बाहेर जाऊन ओक्साबोक्शी रडला (लूक २२:६२), आणि त्याच्या आयुष्याला तिथे नवे वळण मिळाले.

चित्रपटात असे सामर्थ्य आहे हे ख्रिस्तसभेनेही मान्य केले आहे. १९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली, तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्या वर्षीच्या जागतिक दळणवळण दिनाचा संदेश चित्रपट ह्या विषयावरच दिला. त्याच वर्षी व्हॅटिकनने ४५ उत्तम चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात व्हित्तोरिओ दे सिका ह्यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) हा इटालियन चित्रपट आहे. महायुद्धानंतरचे रोम शहर. अंतोनिओ नावाच्या एका बेकार माणसाला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते. कामासाठी सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण ठेवून सायकल सोडवून आणते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. अंतोनिओ आपल्या लहान मुलाला, ब्रुनोला, घेऊन शहरभर ती शोधत फिरतो. शेवटी हताश होऊन तो स्वतःच एक सायकल चोरायला जातो आणि पकडला जातो. लोक मारतात, अपमान करतात, आणि ते सगळे त्याचा मुलगा पाहत असतो. सायकलचा मालक त्या मुलाचा चेहरा पाहून अंतोनिओला सोडून देतो. बापलेक गर्दीतून चालू लागतात. बापाच्या डोळ्यांत पाणी. आणि ब्रुनो त्याचा हात हातात घेतो. सत्तर वर्षांहून अधिक काळ जगभरचे लोक त्या एका हाताकडे पाहून रडले आहेत.

अंधारातले सुख

आता तिसरे कारण, आणि आजचे आमचे सांगणे खरे तर त्याच्याशीच आहे. पडद्यासमोर रडायला सोपे जाते, कारण पडदा आपल्याकडे काही मागत नाही. थिएटरात अंधार असतो, कोणी पाहत नाही. परशुरामच्या आजोबांना रात्री मुक्कामाला जागा द्या असे आपल्याला कोणी म्हणत नाही. अंतोनिओ आपल्याकडे उसने पैसे मागायला येत नाही. तीन तासांनी दिवे लागतात, आपण नाक पुसतो, बाहेर येऊन वडापाव खातो. मन हलके झालेले असते, शिवाय आपण किती कोमल हृदयाचे आहोत ह्याचे थोडे समाधानही वाटते.

ही गोष्ट सोळाशे वर्षांपूर्वी एका संताने ओळखली होती. संत ऑगस्टीन तरुणपणी शिकायला कार्थेज शहरात गेले. तिथल्या नाटकांचे त्यांना वेड लागले. पुढे ‘कबुलीजबाब’ ह्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्यांनी स्वतःची उलटतपासणी घेतली आहे. स्वतःच्या आयुष्यात कोणालाच दुःख नको असते, मग रंगमंचावरचे दुःख पाहायला माणूस पैसे देऊन का जातो, असा प्रश्न ते विचारतात. त्यांच्या ध्यानात येते की तिथे प्रेक्षकाला मदतीला बोलावलेले नसते, फक्त हळहळायला बोलावलेले असते. त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात ते कबूल करतात की, शाळेत असताना काव्यातल्या दिदो राणीच्या मरणावर आपण अश्रू ढाळले, पण आपला स्वतःचा आत्मा देवापासून दूर जाऊन मरतो आहे ह्यावर एक टिपूसही गाळले नाही.

त्याच ग्रंथात दुसरे अश्रूही आहेत. ते त्यांच्या आईचे, संत मोनिकेचे. मुलगा भरकटला म्हणून ती वर्षानुवर्षे रडली. पण नुसती रडत बसली नाही. तिने प्रार्थना केली, महागुरूंकडे जाऊन विनवण्या केल्या, समुद्र ओलांडून मुलाच्या पाठोपाठ इटलीत मिलानपर्यंत गेली. इ.स. ३८७ च्या ईस्टरला संत अँब्रोज ह्यांच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. मुलाचे नाटकातले अश्रू जागच्या जागी सुकले. आईच्या अश्रूंना मात्र पाय होते.

मेंढीची गोष्ट

गोष्ट ऐकून भावना दाटून आल्या, पण स्वतःकडे पाहण्याचे भान नाही, असा एक माणूस पवित्र शास्त्रातही आहे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढून पाहा. दावीद राजाने उरियाची बायको बळकावली होती आणि उरियाला लढाईत पुढे धाडून मारवले होते. राजाला कोण जाब विचारणार? नाथान संदेष्टा दरबारात आला. त्याने आरोप केला नाही, गोष्ट सांगितली. एका गरिबाकडे एकच मेंढी होती. त्याच्याच ताटातले खाणारी, त्याच्या कुशीत निजणारी, लेकीसारखी. शेजारी श्रीमंत, कळप बाळगून असलेला. त्याच्याकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपली मेंढी राखली आणि गरिबाची कापली.

दावीद संतापाने पेटून उठला. त्याने त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा सुनावली. त्याचा तो राग खोटा नव्हता, त्या मेंढीविषयीचा कळवळाही खराच होता. मग नाथानने त्याला सरळ सांगितले की, तो श्रीमंत दुसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे.

दावीदाचे मोठेपण असे की, त्याने नाथानला हाकलून दिले नाही. त्याने पाप कबूल केले. म्हणजे ती कल्पित मेंढी वाया गेली नाही. जे अश्रू काल्पनिक मेंढीसाठी होते, ते त्याने खऱ्या अपराधाकडे वळवले. चांगल्या चित्रपटाचे काम हेच. तो आपल्यासाठी नाथान होऊ शकतो. पण दिवे लागल्यावर नाथानचे ते शेवटचे वाक्य आपल्यालाच स्वतःला म्हणावे लागते. ते आपण म्हणतो का?

‘बायसिकल थीव्ह्ज’ मधला एक प्रसंग आम्हां चर्चच्या माणसांना चांगलाच झोंबणारा आहे. चोराची माहिती असलेल्या एका म्हाताऱ्याचा पाठलाग करीत अंतोनिओ एका चर्चमध्ये शिरतो. तिथे सधन मंडळी गरिबांसाठी सेवा करीत असतात. गरिबांची दाढी करून देणे, उपासना, नंतर गरम सूप. सगळे शिस्तीत चाललेले असते. आणि अंतोनिओला तिथली मंडळी गप्प करतात, कारण उपासनेत गडबड होते! त्याचे काय हरवले आहे हे कोणी विचारत नाही.

आमची कबुली

आता आमचे स्वतःचे सांगतो, कारण दुसऱ्यांच्या सासवांवर बोलून आमची सुटका होणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संध्याकाळी आम्ही दोघे धर्मगुरू निवासात टीव्हीवर असाच एक हृदयस्पर्शी चित्रपट पाहत बसलो होतो. रंगात आलो होतो, डोळेही ओले झाले होते. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. बाहेर एक मावशी उभ्या होत्या. मुलगा आखातात, सून तिच्या माहेरी, घरी त्या एकट्या. म्हणाल्या, “फादर, जरा बोलायचं होतं.” आम्ही दारातूनच म्हणालो, “मावशी, उद्या ऑफिसच्या वेळेत या ना.” त्या “बरं फादर” म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. आम्ही परत येऊन चित्रपटातल्या एकाकी आईसाठी उरलेले अश्रू पुसले.

मावशी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्या आठवड्यात आल्याच नाहीत. रविवारी मिस्साला त्यांची नेहमीची जागा रिकामी दिसली तेव्हा आम्हांला आठवण झाली. घरी गेलो. त्या ओट्यावर बसून होत्या. चार महिन्यांपासून मुलाचा फोन नव्हता. त्या रात्री घरात बसवेना म्हणून चर्चच्या दिशेने चालत आल्या होत्या. आम्ही क्षमा मागितली, तर त्याच म्हणाल्या, “असू द्या फादर, तुम्ही कामात होता.”

आम्ही कामात नव्हतो, बंधुभगिनींनो. आम्ही रडत होतो.

हे वाक्य आजही आमच्या घशात अडकते. मावशी आता देवाघरी आहेत. मुलगा अंत्यविधीला येऊ शकला. त्या आठ दिवसांत काही अघटित घडले नाही ही देवाची कृपा. पण घडू शकले असते.

आठवे स्थान

उपवासकाळात आपल्याकडे प्रभूच्या दुःखसहनाचे चित्रपट पाहण्याची जुनी परंपरा आहे. मोठ्यांना ‘दयासागर’ आठवत असेल. १९७८ च्या ‘करुणामयुडू’ ह्या तेलुगू चित्रपटाचे ते हिंदी रूप. गावोगावी पडदा लावून तो दाखवला जाई आणि अंगणात बसलेली माणसे, ख्रिस्ती असोत वा नसोत, खिळे ठोकताना डोळे झाकून घेत. तरुणांना मेल गिब्सन ह्यांचा ‘द पॅशन ऑफ द ख्राईस्ट’ (२००४) ठाऊक आहे. अरामी, लॅटिन आणि हिब्रू भाषांतला हा चित्रपट. फटक्यांचा तो प्रसंग पाहून न रडलेला माणूस विरळा.

पण क्रुसाच्या वाटेवरचे आठवे स्थान आठवा. यरुशलेमच्या स्त्रिया प्रभूला पाहून रडत होत्या, ऊर बडवीत होत्या. प्रभूने त्यांच्याकडे वळून काय सांगितले? माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी आणि आपल्या मुलाबाळांसाठी रडा, अशा अर्थाचे त्याचे बोलणे संत लूक नोंदवतो (२३:२८). किती वेळा आपण गुडघे टेकून हे स्थान ओलांडून पुढे गेलो असू! प्रभूने त्यांचे अश्रू झिडकारले नाहीत, पण त्यांना वाट दाखवली. घराकडे वळा, असे त्याचे म्हणणे होते. तुमच्या अंगणात कोण क्रूस वाहतो आहे ते पाहा.

दिवंगत पोप फ्रान्सिस २०१५ च्या जानेवारीत मनिलाला गेले होते. तिथल्या विद्यापीठात रस्त्यावरचे जिणे भोगलेली एक बारा वर्षांची मुलगी त्यांच्यापुढे उभी राहिली. निष्पाप मुलांच्या वाट्याला असे दुःख का येऊ दिले जाते, असे विचारता विचारता तिला रडू कोसळले. पोपसाहेबांनी तिला जवळ घेतले. तयार केलेले भाषण त्यांनी बाजूला ठेवले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की, तिच्या प्रश्नाला शब्दांचे उत्तर नाही, जीवनातल्या काही गोष्टी अश्रूंनी धुतलेल्या डोळ्यांनाच दिसतात. खिशातून नाणे काढून देण्यापुरती जी दया असते, ती पुरेशी नाही हेही त्यांनी सांगितले. येशूची दया तेवढीच असती तर तो दोन शब्द बोलून पुढे निघून गेला असता.

बेथानीत प्रभूने काय केले?

आता पुन्हा आजच्या शुभवर्तमानाकडे येऊ. प्रभू रडला, पण त्या वाक्याच्या मागेपुढे काय आहे ते पाहा.

रडण्याआधी तो चालत आला. यहुदियात त्याला दगडमार करण्याची भाषा झाली होती. शिष्यांनी अडवले. तरी तो आला, उशिरा का होईना आला. मार्था आणि मरिया दोघींचेही गाऱ्हाणे त्याने ऐकून घेतले. ‘तू इथे असतास तर’ ह्या बोलण्यातला राग त्याने सोसला. दुःखी माणूस आपल्यावर चिडला तर आपण तिथून काढता पाय घेतो. त्याने घेतला नाही.

मग तो रडला.

रडून झाल्यावर त्याने कबरेवरची धोंड बाजूला करायला सांगितले. मार्था म्हणाली, चार दिवस झाले आहेत, दुर्गंधी येईल. खऱ्या दुःखाला वास असतोच. पडद्यावरच्या आजारपणात औषधांचा, ओल्या चादरींचा, बंद खोलीचा वास येत नाही, म्हणून ते पाहणे सोपे जाते. प्रभू त्या वासाला थबकला नाही. त्याने लाझरसला हाक मारली. आणि तो बाहेर आल्यावर त्याचे बांधलेले हातपाय मोकळे करायला प्रभूने आजूबाजूच्या लोकांना सांगितले. मेलेल्याला उठवणे हे देवाचे काम होते. धोंड सरकवणे आणि पट्ट्या सोडणे ही शेजाऱ्यांची कामे होती. ती प्रभूने स्वतः केली नाहीत. ती त्याने आपल्यासाठी ठेवली आहेत.

ह्या आठवड्यात

आता धोंड कुठली आणि पट्ट्या कुठल्या, हे आपापल्या वाडीत पाहिले की कळेल.

आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत जिथून आठवड्यातून दोनदा कोणीतरी उपचारासाठी पहाटेच्या लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात जाते. रुग्णासोबत एकच माणूस, तोही रजा संपत आलेला. त्यांना हळहळणारे पुष्कळ भेटतात. एक दिवस सोबत जाणारा, फाइल धरून रांगेत उभा राहणारा भेटत नाही. अशी घरे आहेत जिथे मुले कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखातात आहेत आणि आईवडील दर संध्याकाळी दारात बसतात. अशी सून आहे जी कोणापाशी बोलत नाही. आणि हातातल्या मोबाइलवर रोज किती दुःखे दिसतात! पूर आलेले गाव, युद्धात होरपळलेले मूल. आपण क्षणभर ‘अरेरे’ म्हणतो आणि अंगठ्याने ते दुःख वर सरकवतो. थिएटरात निदान तीन तास बसावे लागे.

म्हणून एक साधी सवय लावून घेऊ या. ह्यापुढे पडद्यासमोर डोळे भरून आले तर ते पुसण्याआधी स्वतःला विचारू या : हे पाहून मला आपल्यातल्या कोणाची आठवण झाली? कोणाचे तरी नाव मनात येईलच. त्या नावाकडे दोन दिवसांच्या आत जायचे. जाताना उपदेश न्यायचा नाही. बसायचे आणि ऐकायचे.

कधी कधी काम ह्याहूनही छोटे असते. ‘श्वास’ मधल्या परशुरामला झालेल्या आजाराला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. तो बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, विशेषतः फ्लॅशने काढलेल्या फोटोत, किंवा डोळा अचानक तिरळा वाटू लागला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. वेळीच कळले तर जीव वाचतो, पुष्कळदा दृष्टीही वाचते. चित्रपट पाहून रडलेल्या एका आईने एवढे लक्षात ठेवून शेजारणीला सांगितले, तरी तिचे अश्रू कामी आले म्हणायचे.

पुढच्या रविवारी आपण झावळ्या हाती घेऊ, त्यानंतर पवित्र सप्ताह. शुक्रवारी क्रुसाला ओठ लावताना अनेकांचे डोळे ओलावतील. तो ओलावा देवाने दिलेला आहे, तो जपू या. पण त्या दिवशी घरी जाताना सरळ घरी जाऊ नका. वाटेतल्या एका दारावरची घंटा वाजवा. आणि कोणी तुमच्या दारावरची घंटा वाजवली, तर टीव्ही बंद करून दार उघडा. आम्हीही तसेच करण्याचा प्रयत्न करू. निवासाची घंटा ऑफिसच्या वेळेबाहेरही वाजते, हे कृपया ध्यानात ठेवा.

समूहसभेत चर्चेसाठी

१) मला शेवटचे रडू कशामुळे आले? ते दुःख कोणाचे होते?

२) आपल्या समूहात असे कोणते घर आहे, ज्याची आपण फक्त हळहळ करतो? तिथली ‘धोंड’ कोणती आणि ती सरकवायला किती हात लागतील?

३) माझ्याच घरात माझ्यामुळे रडणारे कोणी आहे का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, बेथानीत तू रडलास आणि मग हाक मारलीस. आमचे डोळे कोरडे पडू देऊ नकोस. आणि ते भरून आले म्हणजे आमचे काम संपले असे आम्हांला वाटू देऊ नकोस. कोणासाठी रडायचे ते आम्हांला दाखव, आणि रडून झाल्यावर कुठे जायचे तेही दाखव. आमेन.